कार्पल टनेल सिंड्रोम: हाताच्या मुंग्यांवर उपाय कोणत्या क्रमाने करावेत

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते आणि पुन्हा झोप लागते. काही आठवड्यांनी हेच दिवसा फोन धरताना, गाडी चालवताना होऊ लागते. मग मलम, मालीश, शेक, चेंडू दाबायचा व्यायाम, वेदनाशामक गोळ्या हे सगळे होऊन जाते आणि मनगटाचा स्प्लिंट, म्हणजे मनगट सरळ धरून ठेवणारा कडक पट्टीचा आधार, सगळ्यात शेवटी येतो. तोही बहुतेक जण दिवसा काम करताना घालतात आणि झोपताना काढून ठेवतात. हा क्रम उलटा आहे. उपाय तेच असले तरी चुकीच्या क्रमाने केले तर नसेवरचा दाब तसाच राहतो आणि हातचे महिने वाया जातात.

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो, तोच कार्पल टनेल. त्याच्या तळाला आणि बाजूंना मनगटाची हाडे, वर एक जाड, न ताणणारा पट्टा. या जागेतून बोटे वाकवणाऱ्या ९ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) आणि मीडियन नर्व्ह नावाची एक नस जाते. कंडरांवरचे आवरण सुजले किंवा मनगट वाकले की आतला दाब वाढतो, नसेचा रक्तपुरवठा अडतो आणि मुंग्या येतात. मनगट आत दुमडले तरी दाब वाढतो आणि मागे वाकवले तरी वाढतो. सरळ मनगटात तो सर्वांत कमी असतो. पुढच्या बहुतेक पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पायरी १: नेमकी कोणती बोटे, ते कागदावर उतरवा

"हात बधिर होतो" एवढ्याने निदान होत नाही. कागदावर पंजा ठेवून त्याची बाह्यरेषा काढा, एक पुढच्या बाजूची, एक मागच्या बाजूची. सात दिवस, मुंग्या येतील तेव्हा जिथे येतात तो भाग पेन्सिलने रंगवा. शेजारी वेळ, हाताची तेव्हाची स्थिती आणि झटकल्यावर किती वेळात बरे वाटले, हे लिहा.

मीडियन नर्व्ह अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू यांना संवेदना पुरवते. करंगळी तिच्याकडे येत नाही. अंगठ्याच्या बुडाशी तळहातावर जो मांसल उंचवटा असतो, त्यावरच्या त्वचेची शाखा बोगद्याच्या बाहेरून जाते. म्हणून बोटे बधिर असतानाही तिथला स्पर्श सहसा शाबूत असतो.

तपासा:
- करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजूच बधिर होते का? मग कोपराच्या आतल्या बाजूला दबणाऱ्या अल्नर नसेचा विचार करावा लागतो. मनगटाच्या स्प्लिंटचा तिथे उपयोग नाही.
- मान वळवल्यावर किंवा मागे नेल्यावर खांद्यापासून खाली कळ जाते का? मग मानेतल्या नसेची तपासणी हवी. मान आणि मनगट दोन्हीकडे त्रास असलेले रुग्णही असतात.
- अंगठ्याच्या बाजूला मनगटाशी दुखते, पण मुंग्या अजिबात नाहीत? तो बहुधा कंडरांचा त्रास आहे.
- दोन्ही पावलांनाही मुंग्या आहेत? मग सगळ्या शरीरातल्या नसांवर परिणाम करणारे कारण शोधावे लागेल.

दुखणे कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंत चढते. त्याने गोंधळून जाऊ नका. दुखणे कुठेही पसरो, मुंग्या कोणत्या बोटांत आहेत यालाच महत्त्व द्या.

पायरी २: घरच्या घरी चार चाचण्या

या चाचण्यांनी निदान पक्के होत नाही, पण डॉक्टरांकडे किती लवकर जायचे ते कळते.

१. दोन्ही कोपरे टेबलावर टेकवा, हात उभे करा आणि मनगटे स्वतःच्या वजनाने पुढे लोंबू द्या. ६० सेकंद थांबा. ठरावीक बोटांत मुंग्या आल्या तर चाचणी होकारार्थी. जोर लावून मनगट दुमडू नका.

२. मनगटावरच्या आडव्या घडीच्या लगेच पुढे, तळहाताच्या सुरुवातीला, मधोमध दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ३० सेकंद स्थिर दाब द्या. मनगट सरळ ठेवा.

३. तळहात वर करून हात टेबलावर ठेवा आणि अंगठा छताकडे सरळ उचला. दुसऱ्या हाताच्या बोटाने तो खाली दाबून पाहा. एका बाजूचा अंगठा सहज खाली गेला तर ताकद कमी झाली आहे.

४. दोन्ही तळहात शेजारी शेजारी ठेवून अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा बाजूने उजेडात पाहा. एक बाजू सपाट किंवा खोलगट दिसते का?

पहिल्या दोन चाचण्या नकारार्थी आल्या म्हणजे आजार नाही, असे समजू नका. रात्री जाग येणे आणि हात झटकल्यावर बरे वाटणे, ही खूण त्यांच्याइतकीच बोलकी आहे.

सावधान. पुढीलपैकी काहीही असेल तर घरचे उपाय करत सहा आठवडे काढू नका:
- बधिरपणा येतो-जातो असा न राहता दिवसभर कायम आहे.
- अंगठ्याचा उंचवटा झिजला आहे, किंवा गुंडी लावताना आणि नाणे उचलताना वस्तू निसटते.
- मनगटाला मार लागल्यावर किंवा हाड मोडल्यावर काही तासांत बोटे बधिर होऊन असह्य दुखू लागले. यात त्याच दिवशी, तातडीने रुग्णालयात जायचे.
- बधिरपणा अचानक आला आणि सोबत तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा पायातली ताकद जाणे आहे. ही पक्षाघाताची लक्षणे आहेत.

एक गैरसमज फार नुकसान करतो. जुना त्रास असलेल्या रुग्णाला कधी कधी वाटते, की दुखणे कमी झाले म्हणजे बरे होत आले. पण दुखणे आणि मुंग्या गेल्या आणि त्या जागी कायमचा बधिरपणा उरला, तर नस आणखी खराब झाली आहे. सुधारणा मोजायची ती स्पर्शावर आणि ताकदीवर.

पायरी ३: मागे दुसरे कारण आहे का, ते आधी पाहा

मधुमेह, थायरॉइडचे काम मंदावणे, गर्भारपण, संधिवात, वाढलेले वजन, पूर्वी मोडलेले मनगट आणि दीर्घकाळचे डायलिसिस यांत हा त्रास जास्त आढळतो. दोन्ही हातांना एकाच सुमारास सुरू झाला असेल तर रक्तातली साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि टीएसएच (थायरॉइडसाठीची रक्ततपासणी) या तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. थायरॉइड कमी असताना नुसता स्प्लिंट लावून फायदा अर्धवटच होतो.

गर्भारपणात शेवटच्या तीन महिन्यांत त्रास वाढतो आणि बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचा आपोआप ओसरतो. तोवर रात्रीचा स्प्लिंट हा सर्वांत सुरक्षित उपाय आहे.

उतारवयात दोन्ही मनगटांना त्रास आहे आणि सोबत चढताना दम लागतो, पायांवर सूज येते, अशी जोडी असेल तर दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरांना एकत्र सांगा. अमायलॉइड नावाचे प्रथिन साठण्याच्या आजारात मनगटाची लक्षणे हृदयाच्या लक्षणांच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकतात, आणि हा दुवा सहज सुटून जातो.

पायरी ४: रात्रीचा स्प्लिंट

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून ही पायरी घाई न करता वाचा.

*निवड.* तळव्याच्या बाजूला धातूची किंवा कडक प्लास्टिकची पट्टी असलेला मनगटाचा स्प्लिंट घ्या. नुसता इलॅस्टिकचा पट्टा किंवा क्रेप बँडेज चालणार नाही. त्याने मनगट वाकायचे थांबत नाही, उलट बोगद्यावर बाहेरून दाब पडतो. उजव्या-डाव्या हाताची खूण पाहा. मनगटाचा घेर घडीवर मोजा आणि त्या मापाचाच घ्या.

*कोन.* तयार मिळणाऱ्या अनेक स्प्लिंटची पट्टी मनगट २० ते ३० अंश मागे वाकेल अशी घडवलेली असते. हाड किंवा सांधा आवळून ठेवायला तो कोन ठीक, या आजाराला नाही. पट्टी खिशातून बाहेर काढा, टेबलाच्या कडेवर ठेवून हळूहळू सरळ करा आणि पुन्हा घाला. धातूची पट्टी हाताने वाकते. प्लास्टिकची वाकत नसेल तर स्प्लिंट बदला.

तपासा: स्प्लिंट घालून हात टेबलावर बाजूने ठेवा. पंजाच्या पाठीवर आणि हाताच्या मागच्या भागावर एक पेन्सिल आडवी धरा. ती दोन्हीकडे जवळपास टेकली पाहिजे. मधे मनगटापाशी मोठी फट दिसली तर मनगट मागे वाकलेले आहे. वरून पाहताना मधले बोट हाताच्या रेषेत हवे, करंगळीकडे कललेले नको.

*बसवणे.* स्प्लिंटची पुढची कड तळहातावरच्या बोटांजवळच्या आडव्या रेषेच्या अलीकडे संपली पाहिजे. ती पुढे गेली तर बोटे मुळाशी अडतात आणि सकाळी आखडतात. अंगठ्याचे छिद्र रुंद हवे. पट्टे मनगटापासून सुरू करून बांधा, शेवटी प्रत्येक पट्ट्याखाली एक बोट सहज सरकले पाहिजे. घाम येत असेल तर आत सुती मोजा घाला.

*वेळ.* झोपताना घालायचा, उठल्यावर काढायचा, रोज, किमान ६ आठवडे. पहिल्या दोन-तीन रात्री झोपेत तो काढून टाकला जातो. तसे होत असेल तर झोपण्याआधी तासभर बसल्या बसल्या घालून ठेवा, त्वचेला सवय होते. दोन्ही हातांना त्रास असेल आणि दोन स्प्लिंट असह्य होत असतील तर जास्त त्रासाच्या हातापासून सुरू करा आणि आठवडाभराने दुसरा वाढवा.

दिवसा स्प्लिंट घालून जोराचे काम करू नका. मनगट अडले की तेच काम बोटांच्या आणि खांद्याच्या जोरावर होते, आणि बोटांचा जोर म्हणजे बोगद्यातल्या कंडरांचाच ताण. दिवसभर आवळून ठेवलेले मनगट आखडते, ते वेगळेच. लांबचा प्रवास किंवा वाचन अशा कामात मुंग्या येत असतील तर तेवढ्यापुरता घालायला हरकत नाही.

तीन आठवडे नियमित घालूनही रात्रीची जाग कमी झाली नाही, तर झोपेत मूठ आवळली जाते का ते घरच्यांना पाहायला सांगा. मूठ वळली की तळहातातले छोटे स्नायू मागे बोगद्यात ओढले जातात आणि मनगट सरळ असूनही दाब वाढतो. अशा वेळी बोटांच्या मुळाचे सांधेही सरळ धरणारा लांब स्प्लिंट हातांच्या थेरपिस्टकडून करून घेता येतो. गालाखाली किंवा उशीखाली हात घालून झोपायची सवय स्प्लिंट असतानाही मोडायला हवी.

पायरी ५: दिवसाचा भार कमी करा

संगणकाला सगळा दोष दिला जातो. प्रत्यक्षात जोराची पकड, कंप पावणारी यंत्रे आणि वाकलेल्या मनगटाने पुन्हा पुन्हा होणारी कामे यांचा संबंध जास्त पक्का आहे. ड्रिल, ग्राइंडर, कापणी यंत्र वापरणाऱ्यांनी आधी तिथे लक्ष द्यावे: मूठ जाड करा म्हणजे कमी जोरात पकडता येते, धार लावलेली हत्यारे वापरा, सलग वापर तोडा.

कपडे पिळणे, कणीक मळणे, घट्ट झाकणे उघडणे यांत जोर आणि पीळ एकत्र येतात. शक्य तिथे दोन्ही हात, तळहाताचा पूर्ण भाग आणि कोपराचा जोर वापरा. जड पिशवी बोटांत लटकवू नका, कोपरापाशी हातावर किंवा खांद्यावर घ्या.

टायपिंग करताना कीबोर्डचे मागचे पाय मिटवा. पाय उघडले की मनगट मागे वाकते. कोपर साधारण काटकोनात, कीबोर्ड कोपराच्या उंचीवर. मनगटाखालची उशी टायपिंग थांबवल्यावर हात टेकायला असते. टाइप करताना त्यावर मनगट दाबून धरले तर दाब नेमका बोगद्यावर पडतो. टेबलाची धारदार कडही तेच करते. दर अर्ध्या तासाने एक-दोन मिनिटे हात खाली सोडा. मोबाइल उभा ठेवायला स्टँड घ्या.

पायरी ६: व्यायाम, पण रात्र शांत झाल्यावर

पहिल्या दिवसापासून व्यायाम सुरू केले आणि त्रास वाढला, ही तक्रार नेहमीची आहे. सुजलेल्या जागेत कंडरा पुन्हा पुन्हा घासल्यावर दुसरे काय होणार! स्प्लिंटने रात्रीची जाग कमी झाली, साधारण दोन आठवडे गेले, की सुरू करा. व्यायामांचा फायदा मर्यादित असतो. ते स्प्लिंटची जागा घेऊ शकत नाहीत.

कंडरांची हालचाल, मनगट सरळ ठेवून, प्रत्येक स्थितीत ३ ते ५ सेकंद:
१. बोटे सरळ.
२. बोटांची टोके आणि मधले सांधे वाकवून आकडा, मुळाचे सांधे सरळ.
३. पूर्ण मूठ, सैल.
४. बोटे सरळ ठेवून फक्त मुळाशी काटकोनात वाकवा.
५. बोटांची टोके तळहाताच्या खालच्या भागाला टेकवा, टोकाचे सांधे सरळ.

प्रत्येक स्थितीनंतर पुन्हा बोटे सरळ. अशा ५ फेऱ्या, दिवसातून २ ते ३ वेळा. जोर शून्य.

नसेची हालचाल थेरपिस्टने एकदा दाखवल्यावरच करा. तिच्यात मूठ, मग सरळ बोटे, मग मनगट मागे, मग अंगठा बाहेर असा क्रम असतो, आणि ताण जाणवला की तिथेच थांबायचे. नस ही स्नायूसारखी ताणून धरायची वस्तू नाही.

तपासा: व्यायामानंतर मुंग्या काही मिनिटांत गेल्या पाहिजेत. तासभर राहिल्या किंवा त्या रात्री जाग आली तर फेऱ्या निम्म्या करा, आठवडाभरात फरक नसेल तर बंद करा. चेंडू किंवा स्प्रिंगचा ग्रिपर दाबणे या आजारात पूर्ण टाळा.

पायरी ७: गोळ्या आणि इंजेक्शन

वेदनाशामक गोळ्यांनी दुखणे तात्पुरते दबते, नसेवरचा दाब कमी होत नाही. बी-६ जीवनसत्त्वाच्या गोळ्या स्वतःहून महिनोन् महिने घेणे टाळा: या आजारात त्यांचा ठोस उपयोग दिसलेला नाही, आणि जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास बी-६नेच नसांना इजा होते.

बोगद्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने बऱ्याच जणांना काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत आराम पडतो. तो काही आठवडे ते काही महिने टिकतो आणि अनेकांचा त्रास परत येतो. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, म्हणून घरी मोजत राहा आणि औषधाच्या मात्रेबद्दल आधीच विचारून ठेवा. सुई टोचताना बोटांत विजेसारखी कळ गेली तर लगेच बोला, हात झटकून ओढू नका. इंजेक्शनने आराम पडला ही निदान बरोबर असल्याचीही खूण असते. मात्र उंचवटा झिजलेला असताना इंजेक्शनावर इंजेक्शन घेत वेळ काढणे चूक आहे.

पायरी ८: सहा आठवड्यांनी हिशेब

पहिल्या पायरीची नोंद पुन्हा सात दिवस ठेवा आणि दोन्ही कागद शेजारी मांडा. आठवड्यात किती रात्री जाग आली, रंगवलेला भाग किती, अंगठ्याची ताकद किती, हे तीन प्रश्न.

जाग निम्म्याहून कमी झाली असेल तर आणखी सहा आठवडे हेच चालू ठेवा. फरक नसेल किंवा वाढले असेल तर नर्व्ह कंडक्शन तपासणी करून घ्या. या तपासणीत नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. हात गार असला की वेग आपोआप कमी येतो, म्हणून हात उबदार ठेवून जा आणि हाताला क्रीम लावू नका. सौम्य आजारात ही तपासणी नॉर्मल येऊ शकते. अशा वेळी लक्षणांची नोंद डॉक्टरांसमोर ठेवा.

पायरी ९: शस्त्रक्रिया ठरली तर

बोगद्यावरचा आडवा पट्टा कापून जागा मोकळी करतात. बहुतेक वेळा फक्त हात बधिर करून होते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. तळहातावर उघडा छेद घेऊन किंवा दुर्बिणीने केली तरी दूरचा परिणाम सारखाच असतो. दुर्बिणीने कामावर थोडे लवकर परतता येते.

आधी: रक्त पातळ करणारी औषधे, मधुमेह, ॲलर्जी यांची यादी द्या, कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नका. अंगठ्या काढून ठेवा. दोन्ही हात एकाच वेळी करायचे का, याचा विचार करताना पहिले काही दिवस आंघोळ, शौच, जेवण कोण सांभाळणार ते आधी ठरवा.

नंतर: पहिले दोन-तीन दिवस हात हृदयाच्या वर. बोटे त्याच दिवसापासून पूर्ण उघडा-मिटा, तासाला काही वेळा. हात गळ्यात अडकवून निपचित ठेवला की बोटे आखडतात. टाके सहसा १० ते १४ दिवसांनी निघतात, तोवर पट्टी कोरडी. हलकी कामे लगेच, वजन उचलणे आणि जोराची पकड साधारण ४ ते ६ आठवड्यांनी.

ताप, जखमेतून पू, वाढत जाणारी लाली, किंवा शस्त्रक्रियेनंतर नव्याने आलेला बधिरपणा: त्याच दिवशी कळवा.

सुधारणा एका क्रमाने येते. रात्रीची जाग अनेकदा पहिल्या काही दिवसांतच थांबते. बोटांचा बधिरपणा आठवडे ते महिने घेतो, जुना असेल तर वर्षभरही, आणि थोडा उरूही शकतो. झिजलेला उंचवटा पूर्ण भरून येईलच असे नाही. छेदाच्या दोन्ही बाजूंना, तळहात टेकवून उठताना दुखते आणि पकड पूर्वीपेक्षा कमी वाटते. हे बहुतेकांचे काही महिन्यांत ओसरते. त्याला शस्त्रक्रिया फसली समजू नका. टाके निघून जखम बंद झाल्यावर व्रणावर रोज ५ मिनिटे मलईदार क्रीमने हलका गोल मसाज केला की त्वचा मऊ पडते.

त्रास राहिलाच, तर डॉक्टरांकडे जाताना तीनपैकी काय झाले ते नेमके सांगा: पहिल्या दिवसापासून काहीच फरक पडला नाही, मधे काही महिने बरे वाटून परत आला, की पूर्वी नव्हता असा नवाच त्रास सुरू झाला. पहिल्यात पट्टा पूर्ण कापला गेला नसण्याची किंवा मूळ निदान चुकल्याची शक्यता तपासतात, दुसऱ्यात व्रणाने नस पुन्हा आवळली आहे का ते पाहतात, आणि तिसऱ्यात नसेला इजा झाली आहे का ते लवकरात लवकर बघावे लागते.